दिव्यापुढची वाक्ये

माझी मुलगी शाळेत बोलत नाही. हे वाक्य मी आजवर डॉक्टरांपुढे, शिक्षिकांपुढे आणि नातेवाइकांपुढे मान खाली घालून उच्चारले आहे. कागदावर मात्र ते प्रथमच उतरवतो आहे. दारव्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. इतरांनी लिहिलेले जागच्या जागी लावून ठेवण्यात उमेदीची वर्षे गेली आणि स्वतः काही लिहावे असे वाटायला पन्नाशी जवळ यावी लागली. त्यातही विषय सुचला तो हा. याहून बरा विषय माझ्याजवळ असता, तर मी तोच निवडला असता.

शाळेत बोलत नाही म्हणजे मुळीच बोलत नाही. हजेरीला ती हात वर करते. बाईंनी प्रश्न विचारला की उठून उभी राहते आणि बाकाच्या कडेकडे पाहत राहते. उत्तर लिहायला सांगितले तर अक्षर न अक्षर बरोबर असते. यवतमाळच्या डॉक्टरांनी घसा, कान, सगळे तपासले आणि काही दोष नाही असे सांगितले. दोष नाही हे आम्हाला ठाऊकच होते, कारण शाळेचे फाटक मागे पडून माझी स्कूटर रसवंतीच्या कोपऱ्यावर आली की तिला कंठ फुटत असे आणि मग घर येईपर्यंत ती थांबत नसे.

घरी तर तिचे एक अख्खे कार्यालय चालत असे. आमच्या पुढच्या खोलीत ट्यूबलाइटच्या मागे पाली राहतात. माझे वडील तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले; त्यांच्या तोंडून ऐकलेल्या साहेब, बाबू, दौरा, रजा या शब्दांवरून तिने त्या पालींचे कार्यालय उभारले होते. वडिलांना ती आबाजी म्हणते. संध्याकाळी ते आरामखुर्चीत बसले की तिचा अहवाल सुरू होई.

"आबाजी, आज मोठे साहेब आलेच नाही. यवतमाळले मीटिंग आहे."

"कशाने गेले?"

"जीपनं. जागा नव्हती तं मांगं लटकून गेले."

"साहेब असून लटकून?"

"पालच आहे ना ते! त्याइले कायची भीती?"

वडील हसून हसून खोकत. आतून माझी पत्नी ओरडे, "ओ माय, साहेबाले म्हणा जेवाले बसा आता." पत्नी मारेगावकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिला मोकळे बोलता येते, मोकळे भांडताही येते. मुलीने बोली आईची उचलली. स्वभाव मात्र माझा घेतला, असे पत्नीचे मत आहे. ते तिने मला दुखवण्यासाठी कधी बोलून दाखवले नाही. पण घरात ते सर्वांना माहीत आहे.

मुलगी दुसरीत गेली तेव्हा शाळेने पालकसभा बोलावली. शाळा इंग्रजी माध्यमाची, गावाच्या मानाने नवी. पटांगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि यवतमाळहून एक समुपदेशक बाई आल्या होत्या. मुलांच्या मनात आत्मविश्वास कसा रुजवावा, यावर त्या बोलल्या. आपण मुलांना दिवसभर काय करू नये तेवढेच सांगतो, ती काय आहेत हे कधी सांगत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी सर्वांना एक छापील कागद दिला. त्यावर वाक्ये होती : मी धीट आहे. मी हुशार आहे. मला नवीन गोष्टी शिकायला आवडतात. माझा आवाज सर्वांना आवडतो. मी वर्गात मोठ्याने बोलते. रोज सकाळी मुलाला आरशासमोर उभे करून ही वाक्ये म्हणून घ्या, आणि ती गोष्ट जणू आधीच घडलेली आहे अशा खात्रीने म्हणून घ्या, असे त्यांनी बजावले.

पत्नी माझ्या कानाशी पुटपुटली, "आरशापुढं उभं राहून म्हटल्यानं होत असतं, तं मी आतापावतो कलेक्टर झाली असती."

मी तिला गप्प केले. खरे सांगायचे तर शेवटचे वाक्य वाचून माझ्या मनात आशा निर्माण झाली होती. इतक्या सगळ्या पालकांसाठी छापलेल्या कागदावर ते वाक्य होते, याचा अर्थ ज्यांची मुले वर्गात बोलत नाहीत असे आणखीही कोणी असतील, असे मला वाटले. सभा संपल्यावर वर्गशिक्षिका आमच्याजवळ आल्या. तरुण आहेत, मनाने चांगल्या आहेत. "सर, तुम्ही हे नक्की करा," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापिका मॅडम विचारत असतात. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा असते. तोपर्यंत काहीच बोलली नाही, तर पुढच्या वर्षी तुम्ही दुसरी शाळा बघावी असं त्यांचं मत पडेल. माझं नाही, त्यांचं."

दुसऱ्या शाळेत जाऊन ती बोलू लागेल, असे आम्हा कोणालाच वाटत नव्हते. इथे निदान बाक ओळखीचा होता. त्यामुळे त्या कागदाला आमच्या घरी फार महत्त्व आले.

आरशाचा प्रयोग पहिल्या दिवसापासून फसला. कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली की मुलगी गाल फुगवी, डोळे तिरळे करी, आणि "मी धीट आहे" हे वाक्य मोठ्या साहेबांच्या आवाजात म्हणे. सकाळी डबा, पाणी, वेणी आणि माझे महाविद्यालय यांच्या गर्दीत कोणाला धीर नव्हता. पत्नी कंगवा घेऊन मागे उभी, "हालू नको, धीट बाई, हालू नको," असे म्हणत वेणी आवळी. चार-पाच सकाळी गेल्यावर वडिलांनी खुर्चीतून सुचवले, "अरे, सकाळच्या घाईत हे काय होणार? संध्याकाळी दिव्यापुढे म्हणू दे. परवच्यात घेऊन टाका."

परवचा आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दिवेलागणीला वडील देवापुढे समई लावतात. मग घरातले सगळे हात जोडून बसतात. प्रार्थना होते, पाढे होतात, मराठी महिने होतात. आमच्या घराचा आणखी एक रिवाज आहे आणि तो मी इतरत्र फारसा पाहिला नाही. दिव्यापुढे खोटे बोलायचे नाही. दिवसभरात कोणी काही लपवल्याचा संशय असेल, तर "दिव्याकडे पाहून सांग" असे म्हटले जाते, आणि मग खरेच सांगावे लागते. खोटे निघालेच, तर कान धरून दिव्यापुढे डोके टेकायचे. लग्नानंतर पत्नीला या प्रकाराची गंमत वाटे. तिने एकदा साक्षात सासऱ्यांनाच विचारले होते, "मामाजी, दिव्याकडं पाहून सांगा, बाजारात जिलबी खाल्ली का नाही?" वडिलांना मधुमेह आहे. त्यांनी समईची वात सारखी केली आणि म्हणाले, "खाल्ली. गरम होती." आणि त्यांनी कान धरून डोके टेकले. मुलगी तेव्हा लहान होती. टाळ्या वाजवून नाचली होती. ही हकिकत ती पुढेही वारंवार सांगायला लावी.

त्या जागी आम्ही ती वाक्ये नेऊन ठेवली. आमच्यापैकी एकालाही त्यात काही वावगे दिसले नाही. उलट मला वडिलांची सूचना फार योग्य वाटली, कारण घरात जे काही गांभीर्याने शिकले गेले ते त्याच जागी शिकले गेले होते. माझे पाढे तिथलेच आहेत.

आणि प्रयोग चालला. दिव्यापुढे बसली की मुलगी तोंडे वेडावत नसे. ताठ बसून, हात जोडून, स्वच्छ आवाजात ती पाढे म्हणे आणि त्याच ठेक्यात पुढे म्हणे, "मी धीट आहे. मी हुशार आहे." शेवटचे वाक्य आले की आवाज चढवी, कारण त्यात मोठ्याने हा शब्द होता. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "पोरीचा आवाज आज आमच्या स्वयंपाकघरात आला बरं का." पत्नीसुद्धा हळूहळू चेष्टा करीनाशी झाली. एका संध्याकाळी वाक्ये संपल्यावर तिने मुलीला जवळ ओढून घेतले आणि केसांवर हनुवटी टेकून बसून राहिली. मला म्हणाली, "कोन जाने, होईनही."

वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सअॅप गट आहे. मुले घरी वाक्ये म्हणतानाचे व्हिडिओ पाठवा, अशी सूचना त्यावर आली. इतरांची मुले आरशासमोर, गच्चीवर, मोटारसायकलवर बसून बोलत होती. मी आमच्या मुलीचा समईपुढचा व्हिडिओ पाठवला. त्या गटावर मी तोवर एक अक्षरही लिहिले नव्हते. पुष्कळ पालकांनी जोडलेल्या हातांची आणि फुलांची चित्रे पाठवली. "किती सुंदर संस्कार," असे कोणी लिहिले. मी तो व्हिडिओ महाविद्यालयातल्या माझ्या टेबलामागे बसून, आवाज बंद ठेवून, पुनःपुन्हा पाहिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो वर्गात दाखवला. हेतू चांगलाच होता. सर्वांनी तिचा आवाज ऐकावा, टाळ्या वाजवाव्यात, म्हणजे तिची भीड चेपेल, असे त्यांना वाटले. मोबाइल उंच धरून त्यांनी व्हिडिओ लावला. "मी वर्गात मोठ्याने बोलते," असे मुलीने त्यात म्हटले आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, हे तं खोटं बोलून राह्यली! हे कुठं बोलते?" वर्ग हसला. बाई रागावल्या, त्या मुलीला माफी मागायला लावली. हे सारे मला नंतर बाईंनीच सांगितले. घडले त्या दिवशी मला एवढेच कळले, की रसवंतीचा कोपरा आला, गेला, आणि स्कूटरवर माझ्यापुढे उभी असलेली मुलगी काही बोलली नाही.

संध्याकाळी वडिलांनी समई लावली. मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली, पुढे येईना.

"ये बेटा," वडील म्हणाले.

"मी नाही बसत."

"काहून वो?" पत्नीने विचारले. "पोट दुखते?"

"नाही."

"मंग? अहो, पाहा न हिच्याकडं. ये इकडं, माय. काहून नाही बसत?"

मुलीने समईकडे न पाहता, भिंतीला बोटाने ओरखडत सांगितले, "मी रोज दिव्यापुढं खोटं बोलली. मी कुठं बोलते वर्गात?"

आम्ही तिघेही मोठी माणसे होतो, तिघांनीही शिक्षण घेतलेले होते, आणि तिच्या बोलण्यात चुकीचे काय आहे ते तिघांपैकी एकालाही सांगता येईना. पत्नीने प्रथम प्रयत्न केला. "ते खोटं नसते, बेटा. तसं म्हणत राहावं लागते." मुलीने विचारले, "जिलबी नाही खाल्ली असं आबाजी म्हणत राह्यले असते तं?" वडील म्हणाले, "अगं, ती इच्छा होती. आपण देवाला इच्छा सांगत होतो." त्यावर ती म्हणाली, "मंग इच्छा आहे असं काहून नाही म्हणायले लावलं?"

वाक्ये मीच मोठ्या अक्षरांत लिहून देवघराच्या चौकटीला लावली होती.

यानंतर वडिलांनी जे केले ते निव्वळ मायेपोटी केले, याविषयी मला शंका नाही. नातीच्या मनावरचे ओझे उतरावे म्हणून त्यांना आपल्या घरात प्रचलित असलेला एकच उपाय सुचला. ते समईपुढे बसले, "हिच्या वतीने," असे म्हणाले, आणि कान धरून त्यांनी डोके टेकले. गुडघ्यांमुळे त्यांना पटकन उठता आले नाही. मी हात दिला. मुलगी दारात उभी राहून पाहत होती. तिचा चेहरा पाहताच पत्नीच्या लक्षात आले, माझ्याही आले. तोपर्यंत तसे फक्त तीच म्हणत होती. आता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने ते खोटे होते हे मान्य केले होते, त्याबद्दल माफी मागितली होती.

पत्नी स्वयंपाकघरात येऊन मला हळू आवाजात म्हणाली, "मामाजीनं हे काय केलं? आता तिले कोन समजावन?"

वाक्यांचा कागद मी त्याच संध्याकाळी काढला. परवचा चालू राहिला, मुलगी पुढे पुढे त्याला बसूही लागली, पण ओठ मिटून. आम्हाला वाटले की हे दिवस जातील. मुलांचे रुसवे असेच असतात, असे एकमेकांना सांगून आम्ही सावरत होतो. परंतु जे बदलत होते ते संध्याकाळपुरते नव्हते. बोलण्यापूर्वी ती थांबू लागली. "जेवली का?" असे आजोबांनी विचारले तर "अर्धी पोळी राहिली" असे उत्तर येई. "बरं वाटते ना?" या प्रश्नावर ती इतका वेळ विचार करी की विचारणाऱ्याला विचारल्याचा पश्चात्ताप व्हावा. उगाच बोलणे, वाढवून सांगणे, जीपवाल्याची नक्कल करीत घरभर "यवतमाळ, यवतमाळ, एक शीट" ओरडत फिरणे, हे सगळे कमी होत गेले. तिला कोणी मना केले नव्हते. ती स्वतःच प्रत्येक वाक्य तपासून पाहत असावी.

एका संध्याकाळी ट्यूबलाइटच्या मागून दोन पाली बाहेर आल्या. वडिलांनी खुर्चीतून मोठ्या अपेक्षेने विचारले, "काय बेटा, आज साहेब दौऱ्यावरून आलेले दिसतात?"

मुलगी गृहपाठ करीत होती. तिने वर पाहिले. "ते साहेब नाही आबाजी. पाल आहे."

"अगं, पण मीटिंग..."

"ते मी खोटं सांगत होती."

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. पाली अजून आहेत.

दिवाळीपूर्वी पहिल्या सत्राची तोंडी परीक्षा झाली. ही फक्त चाचणी होती, खरी कसोटी वर्षअखेरीची. तरीही बाईंनी पालकांपैकी एकाला सोबत बोलावले, म्हणजे मुलीला आधार वाटेल. पत्नी तेव्हा मारेगावला, आईच्या दुखण्यामुळे गेली होती. म्हणून मी गेलो. बाईंनी रिकाम्या वर्गात आम्हाला बसवले आणि दार लोटून घेतले. त्यांनी मुलीला फळांची चित्रे दाखवली, वार विचारले, स्वतःचे नाव विचारले. मुलगी बाकाच्या कडेकडे पाहत राहिली. बाईंनी बराच धीर धरला. मग त्या तिच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "बरं, काहीच नको. ते आपलं वाक्य फक्त म्हण. मी धीट आहे. तुला तर छान येतं, मी ऐकलंय. एवढं एकच म्हण, मी तुला पूर्ण मार्क देते."

मुलीने वर पाहिले आणि मान हलवली. नाही.

"म्हणत नाहीस? की तू धीट नाहीस?"

तिने पुन्हा तशीच मान हलवली : धीट नाही. बाईंच्या प्रश्नाला तिने शाळेत लिहून न देता दिलेले ते पहिले उत्तर होते आणि ते पूर्णपणे खरे होते. बाईंना मात्र तो हट्ट वाटला. त्या उठल्या, साडी झटकली, आणि माझ्याकडे वळून थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "बघा सर. आता तर ती नकारच देते आहे. घरी तुम्ही फार लाड तर करत नाही ना?"

मला त्यांना सांगायचे होते. मुलगी हट्टी नाही, तिला खोटे बोलायचे नाही. त्या वाक्याची तिला भीती वाटते, कारण ते आम्ही तिच्याकडून चुकीच्या जागी म्हणून घेतले. आणि बाई, तिने आत्ता तुम्हाला उत्तर दिले, ते मोजा. हे सारे माझ्या मनात नीट, क्रमाने तयार होते. मी तोंड उघडले आणि म्हणालो, "नाही मॅडम. बघतो आम्ही." मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मारेगावहून परतल्यावर पत्नीने सगळे ऐकून घेतले. माझ्यावर ती चिडली नाही, आणि ते मला अधिक लागले. तिने कारभार स्वतःच्या हाती घेतला. वाक्ये नकोत, आरसा नको, दिवा नको; दुपारी पोरगी घरी आली की सरळ विचारायचे, असे तिने ठरवले. पाण्याचा पेला पुढे करून ती विचारी, "आज बोलली का माय?" मुलगी मान हलवून नाही म्हणे. "काही हरकत नाही. उद्या बोलजो." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पेला, तोच प्रश्न. पत्नीचा आवाज प्रत्येक वेळी हलका, सहज असे. पण उत्तर मिळेपर्यंत तिची नजर मुलीच्या ओठांवरून हलत नाही हे मी पाहिले आहे. मी पाहिले, म्हणजे मुलीनेही पाहिले असणार. तिचे लक्ष सगळीकडे असते.

या जानेवारीत, संक्रांतीच्या नंतर, मुलीने एका दुपारी पेला हातात घेतला आणि म्हणाली, "हो."

"काय? बोलली?"

"हो. बोलली."

"कोनासंग? मॅडमसंग? काय बोलली?"

"हजेरी," मुलगी म्हणाली आणि पाणी पिऊ लागली.

तिला घरी सोडून मी महाविद्यालयात परतलो होतो, तिथे मला पत्नीचा फोन आला. ती रडत होती आणि हसत होती. "अहो, हजेरी दिली म्हणते! तोंडानं! तुम्ही येता येता शाळेतून होऊन या, मॅडमले भेटून या. काय म्हणत्या ते सगळं ऐकून या, अर्धवट नका सांगू." मी प्राचार्यांची परवानगी घेऊन निघालो. बाजाराचा दिवस होता. कापसाच्या गाड्या आणि माणसे यांच्यातून स्कूटर काढताना मी बाईंना काय म्हणायचे ते पाठ करीत होतो. आभाराची दोन वाक्ये मी चांगली बसवली होती.

शाळा सुटून बराच वेळ झाला होता. बाई शिक्षककक्षात वह्या तपासत होत्या. मी विचारले. त्यांनी लाल पेन बाजूला ठेवले आणि माझ्याकडे काहीशा गोंधळून पाहिले. "हजेरी? नाही हो सर. हात वर केला तिनं, नेहमीसारखा. कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी म्हणालो की माझा काहीतरी गैरसमज झाला असेल.

घरी पोचलो तेव्हा दारातच तुपाचा वास आला. पत्नी शिरा ढवळत होती आणि मोबाइल खांद्याने कानाशी धरून तिच्या आईला सांगत होती, "हो ना वो, स्वतःहून! मी म्हटलं होतं ना, तिले सुचू द्या." वडिलांनी देवापुढे साखर ठेवली होती आणि नुकताच धुतलेला सदरा घातला होता. मुलगी पाटावर बसली होती. तिच्यापुढे वाटी होती, तीत सगळ्यात आधी वाढलेला शिरा होता. मी आत येताच तिने माझ्याकडे पाहिले. मी शाळेतून आलो आहे हे तिला कळले होते.

पत्नीने फोन ठेवला. "काय म्हणल्या मॅडम?"

"मॅडम रजेवर होत्या," मी म्हणालो.

मुलीने वाटीत बघितले आणि चमचा उचलला. पत्नी म्हणाली, "जाऊ द्या, मी जाईन. अशी गोष्ट आपल्या कानानं ऐकाले पाहिजे." वडील म्हणाले, "खाऊ दे तिला आधी, गरम आहे तोवर." आणि त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती शिरा पूर्ण खाऊन उठली.

दुसऱ्या दुपारी पत्नीने पेला पुढे करून विचारले आणि मुलगी "हो" म्हणाली. तिसऱ्या दुपारीही. आता ती रोज हो म्हणते, आणि काय बोलली असे विचारल्यावर तेही सांगते : आज वार सांगितले, आज फळांची नावे सांगितली. तपशील नेमके असतात. ती आता थांबून विचार करीत नाही. पत्नी ते सारे रोज फोनवर मारेगावला कळवते. मी बाईंकडे पुन्हा गेलो नाही. रस्त्यात त्या दिसल्या तर मी स्कूटर दुसऱ्या गल्लीत वळवतो.

वर्षअखेरीची तोंडी परीक्षा मार्चमध्ये आहे; तोवर शाळेत जाऊ नको असे मी पत्नीला सांगून ठेवले आहे, पण त्या दिवशी ती स्वतः जाणार आहे. मुख्याध्यापिकांसाठी पेढे न्यायचे असे तिने ठरवले आहे. काल जेवताना ती मुलीला विचारत होती, पेढे केशरी आणायचे की साधे. मुलगी म्हणाली, "साधे."